चक्कर येते? अर्जुनासारखं सगळं सांगा

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २९-३०

मित्रांनो, इथे अर्जुन तत्त्वज्ञान बोलत नाही, लक्षणं सांगतो. तोंडाला कोरड, अंगाला कंप, हातातून निसटणारं गांडीव, उभंही राहवत नाही आणि मन गरगरतंय. एवढा मोठा धनुर्धर, पण काहीच लपवत नाही. आणि त्याचं सगळं सांगून होईपर्यंत कृष्ण मध्ये बोलत नाही.

आपण मात्र विरार लोकलमध्ये दांडा घट्ट धरून उभे राहतो आणि 'काही नाही, अशक्तपणा आहे' म्हणत महिने काढतो.

अर्जुनाची गरगर शोकाची होती. आपली कशाची, हे तपासल्याशिवाय कळत नाही. कूस बदलताच खोली फिरते आणि मिनिटभरात थांबते? बऱ्याचदा आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण सरकलेले असतात. डॉक्टर डोकं ठराविक पद्धतीने वळवून ते जागी आणतात. उठताच अंधारी येते? रक्तदाब उतरत असेल. सोबत कानात आवाज, कमी ऐकू येणं? कारण आणखी वेगळं. बोलणं अडखळलं किंवा एक बाजू लुळी पडली, तर थेट हॉस्पिटल गाठा.

एक रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही. पुन्हा विचारा. डॉक्टरकडे जाणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे. अर्जुनाच्या सांगण्यानंतरच तर गीतेचा उपदेश सुरू झाला.

आजचा संकल्प : चक्कर कधी येते, किती वेळ टिकते, कशाने वाढते, हे वहीत लिहायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.