सुंगट शिजल्यावर तांबडं का होतं? आणि त्याचा शुगरशी काय संबंध?



जाळ्यातून आलेलं सुंगट करडं-हिरवट असतं. तेच शिजायला टाकलं की दोन मिनिटांत तांबडं! हा रंग मसाल्याचा नव्हे, सुंगटाच्या अंगातलाच. त्याचं नाव अ‍ॅस्टाझँथिन. कच्च्या सुंगटात तो प्रथिनाला बांधलेला असतो, म्हणून वेगळा दिसतो. उष्णतेने प्रथिन उलगडतं आणि खरा रंग मोकळा होतो. सुंगटाला तो मिळतो समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळापासून सुरू होणाऱ्या अन्नसाखळीतून.

या कुळातल्या रंगांना कॅरोटिनॉइड म्हणतात. आपलं शरीरही ते बनवत नाही, खाण्यातूनच घ्यावे लागतात. गाजर, तांबडा भोपळा, आंबा यांत बीटा-कॅरोटीन असतं, टोमॅटोत लायकोपीन. शेवग्याच्या पाल्यात बीटा-कॅरोटीन आणि ल्युटीन दोन्ही, फक्त हिरव्या रंगाखाली लपलेली.

आता शुगरचं. ज्यांच्या रक्तात कॅरोटिनॉइड जास्त, त्यांच्यात मधुमेह कमी, असं अनेक पाहण्यांत दिसलं. मग गोळ्याच घेतल्या तर? तेही करून पाहिलं. अमेरिकेत 22 हजारांवर पुरुष डॉक्टरांपैकी निम्म्यांना सुमारे 12 वर्षं दिवसाआड 50 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं. मधुमेहात काहीच फरक पडला नाही.

फिनलंडमध्ये तर उलटंच झालं. धूम्रपान करणाऱ्या 29 हजार पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल 1994 साली आला. रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. होडीवर विडी-सिगरेट ओढणाऱ्या आपल्या भावांनी हे नीट वाचावं. "नैसर्गिक आहे, काही होत नाही" म्हणून कोणी डबी हातात दिली, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

म्हणजे फायदा एकट्या रंगाचा नसावा, अख्ख्या ताटाचा असावा. भाजीबरोबर चोथा येतो, पोट भरतं, गोडधोड आणि तळलेलं आपोआप कमी होतं.

तेव्हा आम्ही सांगतो ते एवढंच:

• रोज एक पालेभाजी आणि एक पिवळी-नारिंगी भाजी ताटात असू दे.
• हे रंग तेलात विरघळतात. भाजीला थोडं तेल किंवा खोबरं हवंच, पण थोडंच.
• शुगर असेल तर आंबा फोडीवर मोजून खा.
• सुंगटं तळण्यापेक्षा हुमणात बरी.
• शुगरची गोळी स्वतःहून बंद करू नका. भाजी ही गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नव्हे.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. नेमका तोच पावसाळी पालेभाज्यांचा हंगाम. होड्या किनाऱ्याला असतील तेव्हा शुगर तपासून घ्या. घरच्यांनाही न्या.