पाखरांस चारणारा पिता

शास्त्रपाठ : मत्तय ६ : २५–३४. सोबत वाचावें : मत्तय १० : २९–३१, मार्क ४ : २६–२९, हबक्कूक ३ : १७–१८.



आपल्या प्रभूनें डोंगरावर बसून जो उपदेश केला त्यांतील हा भाग आपणांपैकीं बहुतेकांस तोंडपाठ आहे. शब्बाथ शाळेंतील लहान मुलेंही तो न अडखळतां म्हणतात. परंतु जें तोंडपाठ असतें तें अंतःकरणांत उतरलेलेंच असतें असें नाहीं. ह्या पाठाचा अर्थ मला सेमिनरींत शिकविण्यांत आला होता. तरी तो पुन्हा एकदां शिकण्याचा प्रसंग माझ्यावर आला, आणि शिकविणारी होती आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यांतील एका खेड्यांत राहणारी एक विधवा बहीण.

कांहीं वर्षांपूर्वींची ही गोष्ट. मृगाचा पाऊस वेळेवर पडला. लोकांनीं आनंदानें पऱ्हे टाकले. मग पावसानें जी पाठ फिरविली ती फिरविलीच. आर्द्रा कोरड्या गेल्या, पुनर्वसू लागला, तरी ढग येत व तसेच निघून जात. मी घरभेटीस गेलों तेव्हां ही बहीण शेतांत पऱ्ह्यांपाशीं उभी होती. चार बांध्यांची तिची शेती; रोवणीचा समय टळत चाललेला; पऱ्ह्यांचे शेंडे पिवळे पडलेले. तिनें मला सलाम केला व सरळ विचारलें, "पाळकबाबा, पाखरायले देव चारते मनते. मंग माह्या बांधीले पानी काहून नाही देत?"

सेमिनरींत शिकलेलीं उत्तरें माझ्या जिभेवर आलीं, परंतु त्या पिवळ्या पऱ्ह्यांकडे पाहून तीं तेथेंच राहिलीं. मीं तिच्याबरोबर प्रार्थना केली व घरीं आलों. प्रियजनहो, तिच्या प्रश्नांत अविश्वास नव्हता. ज्याचा विश्वास नाहीं तो देवाला असा प्रश्न विचारीतच नाहीं. त्या रात्रीं मीं हा शास्त्रपाठ दिव्यापाशीं पुन्हा वाचला. तेव्हां ज्या तीन गोष्टी मला दिसल्या त्या येथें आपणांपुढें ठेवितों.

१. प्रभु आपणांस निरखून पाहावयास सांगतो

प्रभु येथें पाखरें व फुलें ह्यांचा केवळ दाखला देऊन पुढें जात नाहीं. तो आपणांस त्यांच्याकडे पाहण्याची आज्ञा करितो. रानांतील फुलांविषयीं मूळ ग्रीक भाषेंत जें क्रियापद आहे त्याचा भाव नीट न्याहाळून शिकून घेणें असा आहे. मग आपण निरखून पाहूं. पाखरूं घरट्यांत चोंच उघडून बसून राहत नाहीं. तांबडें फुटतांच तें बाहेर पडतें. देव त्याला चारतो, पण दाणा त्याच्या घरट्यांत आणून टाकीत नाहीं.

महाराष्ट्रांत इतरत्र क्वचितच दिसणारा सारस पक्षी आपल्या गोंदिया जिल्ह्यांत अजून नांदतो. नर व मादी जोडीनें राहतात. पावसाळ्यांत धानाच्या बांधींत किंवा पाणथळ जागीं गवताचें घरटें रचतात; त्यांत एक किंवा दोन अंडीं असतात; आणि सुमारें महिनाभर दोघेंही आळीपाळीनें तीं उबवितात. एक चरावयास गेला कीं दुसरा राखण करितो. तरीही कुत्र्यांपासून, पुरापासून व माणसापासून त्यांस भय असतेंच. सर्वच पिलें उडण्याइतकीं मोठीं होत नाहींत.

हें आपल्या प्रभूस ठाऊक नव्हतें काय? होतें. म्हणूनच ज्यानें सहाव्या अध्यायांत चारलेल्या पाखरांविषयीं सांगितलें, त्यानेंच दहाव्या अध्यायांत जमिनीवर पडणाऱ्या चिमणीविषयींही सांगितलें. चिमणी कधीं पडतच नाहीं असें तो म्हणत नाहीं. ती पडते तेव्हांही पित्यावांचून पडत नाहीं, असें तो म्हणतो. तेव्हां सृष्टीकडे पाहून आपणांवर कधीं संकट येणार नाहीं असें अनुमान काढूं नये. संकटांतही आपण पित्याच्या दृष्टीआड नाहीं, हें मात्र निश्चयानें म्हणावें.

२. उपटलेला पऱ्हा मरत नाहीं

आपल्या झाडीपट्टींतील प्रत्येक मूल पऱ्हा ओळखतें. बी प्रथम एका लहान तुकड्यांत दाट पेरितात. तीन-साडेतीन आठवडे झाले कीं हिरवागार पऱ्हा मुळांसकट उपटितात, त्याच्या जुड्या बांधितात, आणि चिखल केलेल्या दुसऱ्या बांधींत काडी काडी करून रोवितात. नंतरचे कांहीं दिवस तें शेत पाहवत नाहीं. रोप मान टाकितें, पिवळें पडतें. ज्याला ठाऊक नाहीं त्याला वाटेल कीं हें पीक गेलें. परंतु चिखलाच्या आंत नवीं मुळें फुटत असतात. मग रोप सांवरतें, त्याला फुटवे येतात, आणि एका काडीचा झुबका होतो. तोच पऱ्हा दाटींत पहिल्या जागीं तसाच राहिला असता तर कृश राहिला असता व त्याच्या लोंब्या भरल्या नसत्या.

आपणांपैकीं किती जण ह्या पऱ्ह्यासारखे आहेत! ख्रिस्ताचें नांव घेतलें म्हणून कोणाचें माहेर तुटलें, कोणाला पंगतींतून उठविलें, कोणाच्या मुलीची सोयरीक मोडली. असे बंधु मला म्हणतात, "आम्ही कोठलेच राहिलों नाहीं." त्यांस मी रोवणीनंतरची बांधी दाखवितों.

ह्या संबंधांत आपल्याच प्रांतांतील एक गोष्ट स्मरणांत ठेवण्याजोगी आहे. १८९३ सालीं नारायण वामन टिळक हे नागपूरहून राजनांदगांवास आगगाडीनें जात होते. ती वाट आपल्या गोंदियावरूनच जाते. गाडींत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नव्या कराराची प्रत दिली. टिळक ती वाचूं लागले, आणि डोंगरावरील ह्याच प्रवचनानें त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याबरोबर सारें गोत तुटलें. पत्नी लक्ष्मीबाई ह्यांचाही कित्येक वर्षें वियोग झाला. त्या काळीं जो कोणी टिळकांकडे पाहता त्याला तें पिवळें पडलेलें रोपच दिसतें. परंतु पुढें लक्ष्मीबाई परत आल्या व १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. १९१९ सालीं टिळक प्रभूकडे गेले, तोंपर्यंत त्यांनीं मराठी मंडळीस गाण्यासाठीं कितीतरी पदें व भजनें दिलीं. आणि सर्व महाराष्ट्र त्यांस फुलांमुलांचा कवि म्हणून ओळखूं लागला. ज्या प्रवचनांत प्रभूनें फुलांकडे पाहावयास सांगितलें, तें प्रवचन वाचून हा मनुष्य घरादाराला मुकला, आणि तरी फुलांवर प्रीति करीत राहिला. उपटणारा हात व रोवणारा हात एकच आहे, हें त्याला कळलें होतें.

मार्क ४ : २६–२९ येथील दाखलाही हेंच शिकवितो. शेतकरी निजतो व उठतो. बी कसें वाढतें हें त्याला कळत नाहीं. मुळें फुटतात तीं चिखलाखालीं, कोणास न दिसतां.

३. देव पाखरांना चारतो तो कोणाच्या हातानें?

आतां आपल्या तालुक्यांतील नवेगावबांधच्या तलावाकडे या. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी ह्यांनीं तो बांधविला असें परंपरा सांगते. १९७५ पासून त्याच्या भोंवतालचें रान राष्ट्रीय उद्यान झालें, व २०१३ सालीं तें नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पांत आलें. हिंवाळ्यांत हिमालयापलीकडून बदकें येथें उतरतात, तेव्हां त्यांस पाहावयास दूरदूरचे लोक येतात. प्रियजनहो, हीं तींच आकाशांतील पाखरें, ज्यांस आपला स्वर्गीय पिता चारतो. परंतु ज्या पाण्यावर तीं उतरतात तें पाणी तेथें आपोआप सांचलेलें नाहीं. माणसांनीं फावडें व टोपली घेऊन पाळ घातली, म्हणून तें थांबलें. ज्यांनीं ती घातली त्यांनीं ख्रिस्ताचें नांवही ऐकलें नसेल; तरी आज तीनशें वर्षांनीं देव त्यांच्या श्रमांनीं पाखरांना चारीत आहे व आपल्या बांध्या भिजवीत आहे.

ह्यांतून दोन बोध घ्यावे. पहिला असा कीं, पित्याची काळजी पुष्कळदां माणसाच्या हातानें येते, आणि तो हात आपल्याच मंडळींतील असेल असा नियम नाहीं. दुसरा असा कीं, तो हात केव्हां केव्हां आपला असला पाहिजे. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली व तलाव सरकारकडे गेले. त्यानंतर पुष्कळ गांवीं पाळीची डागडुजी करणें, गाळ काढणें हें काम कोणाचेंच राहिलें नाहीं. तलाव जागेवर होता, पण त्यांत पाणी थोडें व गाळ फार. वाडवडिलांनीं प्रार्थनेनें व उपासानें उभारलेल्या मंडळ्यांचेंही असेंच होतें. पुस्तकें आहेत, मंदिर आहे, परंतु शेजाऱ्याच्या घरीं चूल पेटली नाहीं हें कोणास ठाऊक नाहीं. अशा ठिकाणीं देवाच्या काळजीवर उपदेश करण्याआधीं आपण गाळ काढावा.

त्या बहिणीचें पुढें काय झालें?

गांवच्या तलावांत पाणी थोडें होतें. गांवकऱ्यांनीं पाळ्या लाविल्या. हिची शेती सर्वांत शेवटीं, म्हणून हिची पाळीही शेवटची. तोंपर्यंत पाणी उरेल कीं नाहीं ह्याची शंका. तिच्या वरच्या बांधीचा धनी आपल्या मंडळींतील नव्हे. त्यानें एके रात्रीं आपली पाळी तिला दिली, आणि स्वतः हातांत बॅटरी व फावडें घेऊन धुरा फोडून पाणी खालीं सोडलें. पुष्य नक्षत्रांत तिच्या दोन बांध्यांची रोवणी झाली. उरलेल्या दोन बांध्या त्या वर्षीं पडीत राहिल्या. पाऊस पुढें आला, पण त्यांच्यासाठीं उशीर झाला होता.

कापणीनंतरच्या उपकारस्तुतीच्या उपासनेस ती सुपांत धान घेऊन आली व तें वेदीपुढें ठेविलें. उपासना आटोपल्यावर मीं तिला तिच्या प्रश्नाची आठवण दिली. ती म्हणाली, "पानी आलं, पाळकबाबा. पर आभाळातून नाही आलं, शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून आलं. दोन बांध्यायचं उत्तर भेटलं. बाकी दोनाचं वरतं गेल्यावर देवालेच इचारीन."

हबक्कूक संदेष्ट्यानें शेतांत अन्न नसतां व गोठ्यांत गुरें नसतां परमेश्वराच्या ठायीं आनंद करण्याचा निश्चय केला. त्याचा अर्थ मला त्या सुपांत दिसला. ज्याच्या चारही बांध्या पिकल्या त्यानें सूपभर धान आणणें सोपें आहे; जिच्या दोन पडीत राहिल्या तिनें तें आणलें. तिनें न मिळालेल्या उत्तराचा त्याग केला नाहीं, आणि मिळालेलें उत्तर विसरलीही नाहीं. उद्यांची चिंता उद्यांवर सोंपविणें तें हेंच.

उपदेशकांस सूचना : हा पाठ शक्य तर मंदिरांत न शिकवितां सकाळीं धुऱ्यावर किंवा तलावाच्या पाळीवर शिकवावा. आधीं थोडा वेळ सर्वांनीं मुकाट्यानें पाहावें, मग शास्त्रपाठ वाचावा, व पुढील प्रश्न विचारावे.

१. पाखरूं आपलें अन्न कसें मिळवितें? मग देव त्याला चारतो असें प्रभु कां म्हणतो?
२. मत्तयाचा सहावा व दहावा अध्याय ह्यांतील पाखरांविषयींचीं वचनें एकत्र वाचल्यानें कोणता बोध होतो?
३. तुमच्या जीवनांत रोवणीनंतरचे पिवळे दिवस कोणते होते? त्या वेळीं खालीं कोणतीं मुळें फुटत होतीं?
४. गेल्या वर्षीं देवानें कोणाच्या हातानें तुम्हांस साह्य केलें? त्याचे आभार तुम्ही मानिले काय?
५. ह्या आठवड्यांत आपल्या पाळीचें पाणी कोणास द्यावयाचें आहे?

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तूं पाखरांस चारतोस व पडणाऱ्या चिमणीसही पाहतोस. आमचे डोळे उघड, म्हणजे तुझें काम आम्हांस आमच्या बांधींत दिसेल. पाऊस येवो अथवा न येवो, आम्हांस तुझ्यापासून दूर जाऊं देऊं नको; आणि आमच्या हातांनीं कोणाच्या तरी शेतांत पाणी सोड. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.