तोडण्याआधी मजकूर बघ

चि. मुक्ता,

पीएचपीत स्ट्रिंग तोडायला इतकी फंक्शन्स कशाला आणि त्यांतलं सगळ्यात वेगवान कोणतं, असं तू विचारलंस. वेगाचं नंतर. आधी तुझा मजकूर कशाने जोडलेला आहे ते बघ. निम्मी निवड तिथेच होते.

स्वल्पविराम किंवा उभी रेघ असं एकच ठरलेलं चिन्ह असेल तर एक्सप्लोड घे. त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन लागत नाही, म्हणून ते साधं आणि चपळ. त्याची खोड एवढीच, की रिकामी स्ट्रिंग दिलीस तर रिकामा अ‍ॅरे मिळत नाही, एक रिकामा घटक असलेला अ‍ॅरे मिळतो. नुसत्या काउंटवर विसंबलीस तर फसशील.

कुठे स्वल्पविराम, कुठे अर्धविराम, कुठे दोन-तीन स्पेस अशी सरमिसळ असेल, तरच प्रेग_स्प्लिटकडे जा. प्रेग_स्प्लिट_नो_एम्प्टी हा फ्लॅग दिलास की रिकामे तुकडे गळतात. जुन्या पुस्तकांत नुसतं स्प्लिट दिसेल. ते पीएचपी ५.३ मध्ये डेप्रिकेट झालं आणि ७.० मध्ये काढूनच टाकलं. त्याच्या वाटेला जाऊ नकोस. सीएसव्हीच्या ओळीला मात्र एक्सप्लोड लावू नकोस. अवतरणचिन्हांत लिहिलेल्या ‘कसबा पेठ, पुणे’ या पत्त्याचेही ते दोन तुकडे करील. तिथे एसटीआर_गेटसीएसव्हीच हवं.

अक्षरं सुटी करायची असतील तर जास्त जप. एसटीआर_स्प्लिट बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून ‘पुणे’चे १२ निरुपयोगी तुकडे पडतात. ७.४ मध्ये आलेलं एमबी_एसटीआर_स्प्लिट ४ तुकडे देतं, पण त्यांत उकार आणि मात्रा वेगळ्या पडतात. ‘पु’ आणि ‘णे’ अशी दोन अक्षरं हवी असतील तर ८.४ मधलं ग्राफीम_एसटीआर_स्प्लिट वापर. त्यासाठी इंटल एक्स्टेंशन लागतं. इंग्रजी नावांवर चाचणी करून समाधान मानणाऱ्याला हा फरक कधी दिसतच नाही.

तेव्हा कोड लिहिण्याआधी खऱ्या डेटातल्या काही ओळी डोळ्यांखालून घाल. त्यांत एक रिकामी, एक अवतरणचिन्हांची आणि एक मराठी ओळ असू दे. तिन्ही नीट तुटल्या, की मग वेग मोजायला बस.

तुझा,
काका