नवे सत्र आणि पहिले तीन आठवडे

निवासी शाळेतील विद्यार्थ्यांच्या मनात महाविद्यालयाचे चित्र असते ते मोठ्या इमारतीचे, मोकळ्या वेळेचे आणि गणवेशापासून सुटकेचे. त्या चित्रात 'सत्र' क्वचितच असते. वस्तुतः महाविद्यालयीन जीवनाची सारी घडण आज सत्रावर उभी आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने, आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या व नुकत्याच पडलेल्या विद्यार्थ्यांसमोर आम्ही सत्राचा हिशेब मांडीत आहोत.

'सेमिस्टर' हा शब्द लॅटिन भाषेतील 'सहा' व 'महिना' या अर्थांच्या शब्दांपासून बनला. नावात सहा महिने असले तरी अध्यापनाचे दिवस सुमारे ९०, म्हणजे साधारण १५ आठवडेच असतात. उरलेला काळ परीक्षा, निकाल व सुट्ट्या यांत जातो. शाळेत पावसाळ्यात मागे पडलेला विद्यार्थी दिवाळीनंतर बरोबरीला येत असे. महाविद्यालयात दिवाळी येते तेव्हा पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर तरी असते किंवा संपलेली तरी असते. वर्षावासाचे तीन महिने सरले की पहिले सत्रही जवळजवळ सरलेच, असे समजावे.

आता थोडे गणित करू. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास. चार श्रेयांकांचा विषय ६० तासांचा होतो व आठवड्याला त्याच्या चार तासिका पडतात. प्रवेशाच्या याद्या, पेरणीची कामे, दाखल्यांसाठी तहसील कार्यालयात खेपा आणि राहण्याच्या जागेचा शोध यांत पहिले तीन आठवडे गेले, तर १२ तासिका बुडतात. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के उपस्थितीची अट असते; म्हणजे ६० पैकी १५ तासिकांची सूट. त्यांतील १२ आरंभीच संपल्या. पुढील तीन महिन्यांत ताप, घरचे लग्न, चुकलेली एसटी, या सर्वांसाठी मिळून केवळ तीन तासिका शिल्लक राहतात. असे विषय एका सत्रात पाच-सहा असतात. शिवाय अंतर्गत मूल्यमापनाची पहिली चाचणी कधी घ्यायची हे ठरविताना उशिरा आलेल्याची वाट कोणी पाहत नाही. एटीकेटीचे मूळ पुष्कळदा बुद्धीत नसून या तीन आठवड्यांत असते, असे आमचे मत आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर अठरा अठरा तास अभ्यास करीत, हे प्रत्येक बक्षीस समारंभात सांगितले जाते. त्यांच्या विद्यार्थिदशेतील दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही: त्यांचा काळ मोजून मिळालेला होता. बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती तीन वर्षांची. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले, जून १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. झाले आणि ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. पुढे लंडनमध्ये असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अपुरे सोडून त्यांना परतावे लागले. मुदत कोणासाठीच थांबत नाही.

निवासी शाळेतून गेलेल्या विद्यार्थ्याची आणखी एक अडचण आहे. येथे पहाटे उठण्यापासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत दिवसाची वाटणी घंटा करीत असते. महाविद्यालयात सकाळी एक तास, मग दोन तास रिकामे, दुपारी प्रात्यक्षिक असा दिवस तुटक येतो. त्या रिकाम्या दोन तासांत ग्रंथालयात जाण्याची सवय पहिल्या आठवड्यात लागली तर लागते. चौथ्या आठवड्यात कट्टा आपला झालेला असतो. (कट्ट्याचे आम्हांस वावडे नाही. तेथेही मैत्री होते, आणि परगावी मैत्रीवाचून निभाव लागत नाही.)

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी वर्गात 'ॲक्सिलरेशन' ऐकतो आणि गप्प बसतो. 'त्वरण' त्याला शाळेतच समजलेले असते. 'डिफ्युजन' व 'ऑस्मोसिस' म्हणजे त्याच्या ओळखीचे विसरण आणि परासरणच. त्याला केवळ नवे नाव ठाऊक नसते, पण तो समजतो की विषयच आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. हा गैरसमज एकदा मनात रुजला की विद्यार्थी मागच्या बाकावर सरकतो आणि हळूहळू वर्गात येणेच सोडतो. म्हणून प्रत्येक विषयाच्या वहीची शेवटची पाने राखून ठेवावीत. डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी, रोज पाच-सहा. महिन्याभरात शंभरावर शब्द होतात आणि सत्राला लागणारे बहुतेक शब्द त्यांत येऊन जातात. प्राध्यापकांना प्रश्न मराठीतून विचारण्यातही कमीपणा नाही. ज्याला प्रश्न पडला, त्याला विषय थोडा तरी कळलेला असतो.

शेवटी पैशांचे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला व आधारशी जोडलेले बँक खाते ही तयारी निकाल लागण्यापूर्वीच करावी. खाते आधारशी जोडलेले नसल्याने मंजूर झालेली रक्कमही अडकून पडते. अर्ज भरला म्हणजे काम झाले असेही नव्हे. तो महाविद्यालयाच्या कार्यालयातून पुढे गेला की नाही, हे दर पंधरा दिवसांनी पाहावे. रक्कम हाती येईपर्यंत सत्राचा बराच भाग उलटलेला असतो, तेव्हा खानावळीचे पहिले काही महिने कसे निभवायचे, हे पालकांशी घरून निघण्यापूर्वीच बोलून ठेवावे. पुढील वर्षी हाच अर्ज नूतनीकरणासाठी पुन्हा भरावा लागतो, आणि तेव्हा आदल्या वर्षीच्या गुणपत्रिका सोबत लागतात.