आधी कृती, मग कागद

मुलाने स्वाध्यायपत्रिकेतील दहाही उदाहरणे बरोबर सोडविली, की विषय त्यास समजला असे आपण पालक धरून चालतो. परंतु एकाच साच्याची दहा उदाहरणे मूल पहिल्याच्या नमुन्यावरून सोडवू शकते. शिवाय आपल्या घरांत मराठी आणि शाळेत गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी असल्याने कधी उलटाही प्रकार घडतो. हिशेब समजलेला असतो, पण प्रश्नातील शब्द अडतो. दोन्ही प्रसंगी कोरा कागद मुलाची खरी स्थिती सांगत नाही. म्हणून आधी कृती व मग कागद, हा क्रम पाळणे हिताचे होय.

हा विचार आपल्या भागास नवा नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातील बालकांसाठी काम उभारले व भोवताली मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून शिक्षणसाधने घडविली.

गणिताचेच उदाहरण घेऊ. पहिली-दुसरीच्या मुलास ३४ चिंचोके देऊन दहा-दहांचे ढीग करावयास सांगावे. तीन ढीग व चार सुटे चिंचोके उरतात. ते चित्र पत्रिकेवर काढून मग ३४ हा आकडा लिहावा.

तिसरी-चौथीतील पुष्कळ मुलांस, आठ हे चारांहून मोठे म्हणून १/८ हा १/४ हून मोठा वाटतो. सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या घेऊन एकीच्या चार व दुसरीच्या आठ घड्या घातल्या, की कोणता भाग लहान हे मूल आपण होऊन सांगते.

पाचवी ते सातवीसाठी २४ सेंटिमीटर लांबीचा दोरा चौकटींच्या कागदावर मांडून वेगवेगळे आयत करावेत. ६ × ६ मध्ये ३६ चौकटी बसतात, ८ × ४ मध्ये ३२ आणि १० × २ मध्ये अवघ्या २०. परिमिती तीच राहूनही क्षेत्रफळ बदलते, हे मग सूत्रावाचून पटते.

आठवी-नववीत ताट, वाटी, डबा यांचे परीघ व व्यास मोजून तक्ता भरावा. प्रत्येक वेळी भागाकार ३.१४ च्या आसपास येतो.

यानंतरची पत्रिका लहान असावी. तीत एक उदाहरण सोडविण्याचे, एक मुद्दाम चुकलेले उत्तर दुरुस्त करण्याचे, आणि एक "असे का?" विचारणारे, एवढे पुरे. तिसऱ्याचे उत्तर मुलाने प्रथम घरच्या भाषेत सांगावे व नंतर शाळेच्या भाषेत लिहावे.

यास फार खर्च येत नाही. स्वयंपाकघरात मुलाच्या हाती वाटी देऊन पाव, अर्धी, पाऊण, सव्वा, दीड ही मापे करवून घ्यावीत. त्यातून अपूर्णांक पक्के होतील आणि शाळेत जे मराठी शब्द कानी पडत नाहीत, तेही पुढल्या पिढीच्या तोंडी टिकून राहतील.