बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात

खानदेशाची जुनी राजधानी कोणती, असा प्रश्न केला असता आपल्यापैकी पुष्कळजण धुळे किंवा जळगाव असे उत्तर देतील. परंतु फारुकी सुलतानांच्या अमदानीत हा मान तापीतीरीच्या बऱ्हाणपुरास होता. ते नगर आज मध्य प्रदेशात मोडते. तथापि आम्हा पिंप्राळेकरांस ते दूर नाही. जळगावास आगगाडीत बसून भुसावळ व रावेरच्या केळीच्या बागा मागे टाकल्या, की थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येते. तेथील शाही किल्ला आम्ही नुकताच पाहिला.

हा किल्ला तापीच्या अगदी काठावर आहे. अकबराने १६०१ साली अशीरगड घेऊन फारुकींचे राज्य बुडविले व बऱ्हाणपूर हे दक्षिणेतील मोगलांचे मोठे ठाणे झाले. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा १६१५ साली जहांगिराच्या दरबारी जात असता येथेच शहाजादा परवेझ यास भेटला होता.

राजवाड्याचा बराच भाग आता ढासळला आहे. मात्र हमामखाना, म्हणजे राजघराण्याचे स्नानगृह, पुष्कळसे टिकून आहे. भग्न भिंती ओलांडून आत पाऊल ठेवले आणि वर दृष्टी जाताच आम्ही थबकलो. छतावर व कमानींवर गुळगुळीत गिलावा असून त्यावर वेली, फुले व नाना आकृत्या रंगविल्या आहेत. रंग फिके पडले, कोठे पोपडेही निघाले. तरी चित्रकाराच्या हाताचे कसब लपत नाही. खाली हौद आहे. नुसत्या स्नानाकरिता एवढा थाट, असे उद्गार सहजच निघाले.

परंतु या थाटाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी जाणली पाहिजे. शहाजहान १६३० ते १६३२ या काळात बऱ्हाणपुरास मुक्काम करून होता. त्याच वेळी पाऊस न पडल्यामुळे गुजरात व दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. १६३० च्या अखेरीस सुरतेहून नंदुरबारमार्गे बऱ्हाणपुरास आलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवर पडलेल्या प्रेतांचे वर्णन लिहून ठेविले आहे. बादशहाने अन्नछत्रे उघडली. दर सोमवारी ५,००० रुपये याप्रमाणे २० सोमवारी एक लाख रुपये वाटले, असे त्याच्या दरबारी इतिहासात नमूद आहे. हे दान खरेच. पण दुष्काळ त्याहून फार मोठा होता.

दुःखाने राजवाडाही सोडला नाही. १७ जून १६३१ रोजी याच नगरीत चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल मरण पावली. नदीपलीकडील जैनाबादच्या बागेत तिला प्रथम पुरले व वर्षअखेरीस तिचा देह आग्र्यास नेला. ताजमहाल सर्व जगास ठाऊक आहे. त्यामागील शोकाचा आरंभ आपल्या तापीकाठी झाला, हे थोड्यांसच ठाऊक असते.

परतताना आम्हास शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य व त्याच्या दारी पडलेला लाजर यांची आठवण झाली. सुंदर वस्तू निर्माण करणे हा दोष नव्हे. दाराबाहेरचा भुकेला न दिसणे हा दोष होय. म्हणून, बालमित्रहो, बऱ्हाणपुरास अवश्य जा. तेथील गिलाव्यास नख लावू नका, भिंतीवर नाव कोरू नका. छत डोळे भरून पाहा. आणि मग क्षणभर तटावर उभे राहून, नंदुरबारहून येणाऱ्या त्या वाटेचेही स्मरण करा.