चहा चुकला की डोके का दुखते?

वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. अशा मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णाला आदल्या दिवशी एक सूचना मिळते. भूल देण्यापूर्वी साधारणपणे सहा तास काही खायचे नाही. नुसते पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालते. मग चहाचे काय? भूलशास्त्राच्या हिशेबात बिनदुधाचा चहा पाण्यात मोडतो आणि दुधाचा चहा अन्नात! आपल्याकडे चहा म्हणजे बहुधा दुधाचाच. त्यामुळे सकाळचा चहा चुकतो, शस्त्रक्रियेनंतरही काही तास तो मिळत नाही, आणि एखाद्या रुग्णाचे डोके ठणकू लागते. त्या डोकेदुखीची कारणे अनेक असू शकतात. पण चहा तुटणे हे त्यांपैकी एक खरेखुरे कारण आहे. निर्जळी उपवासाच्या दिवशीही हेच घडते, फक्त तेथे भूक आणि तहान यांची भर पडते.

चहा घेतला की डोके उतरते, म्हणून चहा हे डोकेदुखीचे औषध, असे आपण म्हणतो. हे अनुमान अर्धेच खरे आहे. ते का, हे समजण्यासाठी चहातील कॅफीन या द्रव्याची ओळख करून घेऊ.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी १८१९ च्या सुमारास कॉफीच्या बियांतून कॅफीन प्रथम वेगळे केले. त्या बिया त्यांना दिल्या होत्या महाकवी गटे यांनी. चहाच्या लहान कपात अंदाजे २५ ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते. पत्ती किती घातली आणि किती उकळली यावर ते कमीजास्त होते.

आपला मेंदू काम करतो तसतसे त्यात ॲडिनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते. पेशींवरील ठरावीक जागांवर, म्हणजे ग्राहींवर, ते जाऊन बसते. मग मेंदूची लगबग मंदावते, झोप येऊ लागते आणि मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात. कॅफीनच्या रेणूची घडण ॲडिनोसीनशी पुष्कळ मिळतीजुळती आहे. एस.टी.च्या खिडकीतून आसनावर रुमाल टाकून जागा अडवलेली तुम्ही पाहिली असेल. कॅफीन हा असा रुमाल आहे. ते जागा अडवते, पण ॲडिनोसीनचे काम करीत नाही. परिणामी झोप उडते आणि रक्तवाहिन्या आकसतात.

रोजच जागा अडू लागल्या तर शरीरही स्वस्थ बसत नाही. ते जादा आसने बसवते, म्हणजे ग्राहींची संख्या वाढवते, असे मानले जाते. आता एके दिवशी चहा मिळालाच नाही, तर? घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे सुमारे पाच तासांत शरीरातून नाहीसे होते. रुमाल उचलले जातात आणि वाढलेल्या सर्व आसनांवर ॲडिनोसीन येऊन बसते. रक्तवाहिन्या नेहमीपेक्षा अधिक रुंदावतात आणि डोके दुखू लागते.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या दुखण्याला स्वतंत्र स्थान आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेणाऱ्याने ते थांबवले की २४ तासांच्या आत डोके दुखू लागते. १०० मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यास तासाभरात उतरते. आणि काहीच घेतले नाही तरी सात दिवसांत आपोआप थांबते. म्हणजे येथे चहा जे दुखणे बरे करतो, ते चहाच्या सवयीनेच आणलेले असते!

पण कॅफीन औषध नाहीच, असेही नव्हे. वेदनाशामकासोबत १०० मिलिग्रॅम किंवा अधिक कॅफीन दिले, तर चांगला आराम पडणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५ ते १० ने वाढते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. 'सॅरिडॉन'च्या गोळीवरील बारीक अक्षरे वाचा. त्यात ५० मिलिग्रॅम कॅफीन आढळेल.

अर्धशिशीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तिच्यात बहुधा डोक्याची एकच बाजू ठणकते, मळमळते, उजेड व आवाज सोसवत नाही आणि हा त्रास ४ ते ७२ तास टिकतो. पूर्वी सारा दोष रक्तवाहिन्यांना दिला जाई. आज मेंदूतील व चेहऱ्याच्या मज्जातंतूंतील बिघाड मुख्य मानतात. झटक्याच्या सुरुवातीला घेतलेले कॅफीन काहींना उपयोगी पडते. मात्र अमेरिकेत अर्धशिशीच्या ९८ रुग्णांनी सहा आठवडे रोजच्या नोंदी ठेवल्या, त्यांचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला एकदोन कॅफीनयुक्त पेये घेतली तर त्रास वाढलेला दिसला नाही. तीन किंवा अधिक घेतली त्या दिवशी झटक्याची शक्यता वाढलेली दिसली. शिवाय मिश्र वेदनाशामके महिन्यात दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास औषधांमुळेच डोके दुखू लागते. दुकानातून परस्पर गोळी आणणाऱ्यांना हे कोण सांगणार?

तुमच्या घरी कुणाचे डोके वारंवार दुखत असेल, तर महिनाभर एक वही ठेवून पाहा. चहाकॉफीच्या वेळा व कप, झोपेचे तास, चुकलेले जेवण, डोके दुखल्याची वेळ, घेतलेली गोळी, एवढे रकाने पुरेत. सुटीच्या दिवशी उशिरा उठल्यावरच डोके दुखते असे दिसले, तर चुकलेल्या चहाचा संशय घ्यायला हरकत नाही. तोही संशयच, कारण झोपेची वेळ बदलली तरी अर्धशिशी उठते. चहा कमी करायचा असल्यास एकदम न सोडता दर तीनचार दिवसांनी अर्धा कप घटवावा. डॉक्टरांकडे जाताना ही वही सोबत न्यावी. मात्र अचानक असह्य डोके दुखले, किंवा डोकेदुखीबरोबर ताप येऊन मान ताठली, हातपाय लुळे पडले, तर वही बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे.